घर पाडण्याआधी श्वासाचा हिशोब मागा

पावसाळा तोंडावर आला की महापालिकेच्या नोटिसा निघतात. अमरावती असो की अकोला, जीर्ण इमारतीच्या दारावर कागद चिकटतो, बिऱ्हाडांत चार दिवस कालवा होतो, कुणी नगरसेवकाकडे जातो, कुणी मालकाला शिव्या घालतो. पाऊस निघून जातो आणि त्या कागदाचा विषयही निघून जातो. पण इमारत कॅलेंडर पाहून पडत नाही. 30 ऑक्टोबर 2022 रोजी अमरावतीच्या प्रभात टॉकीज परिसरातील जुनी इमारत भरदिवसा कोसळली आणि पाच माणसे गेली. पाऊस संपला होता, दिवाळी नुकतीच झाली होती. इमारत धोकादायक असल्याची नोटीस आधीच निघालेली होती. नोटिशीने कुणाचा जीव वाचला नाही.

आरोग्याच्या पानावर इमारतींचा विषय कशाला, असे वाचक विचारतील. आमचे म्हणणे असे की हा विषय आधी आरोग्याचा आहे, मग इंजिनिअरचा आणि बिल्डरचा. माणूस दिवसातले बारा-चौदा तास ज्या भिंतींत श्वास घेतो, त्या भिंती आजारी असल्या तर दवाखान्याच्या कितीही चकरा मारल्या तरी बरे वाटत नाही. जुनी इमारत पाडतानाची धूळ, मधल्या काळातले टिनाचे शेड आणि शेवटी मिळणारी नवी खोली, या तिन्हींचा हिशोब फुप्फुसांना द्यावा लागतो. करारात मात्र फक्त चौरस फूट लिहिलेले असतात.

आपल्या बहुतेक वस्त्या बैठ्या घरांच्या आहेत हे खरे. तरी जुन्या इमारतींशी आपला संबंध तीन बाजूंनी येतो. काही कुटुंबे आत राहतात. कुणी सफाई कामगारांच्या जुन्या क्वार्टरमध्ये, कुणी गृहनिर्माण मंडळाच्या पोपडे सुटलेल्या ब्लॉकमध्ये, कुणी अमरावतीच्या परकोटातल्या किंवा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या वाड्यात भाड्याची खोली घेऊन. काही कुटुंबे अशा इमारतीला लागून राहतात. आणि आपल्यातली कितीतरी माणसे हातात घण आणि घमेले घेऊन त्याच इमारती पाडायला जातात. म्हणून इमारत कुणाचीही असो, ती पडताना आपण कुठे ना कुठे उभे असतोच.

भिंत का आजारी पडते

वऱ्हाडातल्या घरांची दुखणी वऱ्हाडाच्या जमिनीतून येतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वावरात मे महिन्यात पाय अडकावा अशा भेगा पडतात, तीच माती घराच्या पायाखालीही असते. पाया उथळ असला की ती भिंतीला दरवर्षी उचलते आणि खाली सोडते. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात त्या बहुधा यामुळे.

दुसरे दुखणे पाण्याचे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. तिथले बोअरचे पाणी पिण्यालायक नसते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तेच पाणी बांधकामात वापरले तर ते सळईलाही खाते. पाण्यातला क्षार सिमेंटच्या आत शिरून लोखंड गंजवतो. गंजलेले लोखंड फुगते, फुगले की भोवतीचे काँक्रीट फोडते, आणि एके दिवशी स्लॅबचा तुकडा झोपलेल्या लेकराशेजारी पडतो. म्हणूनच प्रबलित काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. नवे बांधकाम सुरू असताना पाणी कुठून आणले, हा प्रश्न बाईमाणसानेही बेलाशक विचारावा.

तिसरे दुखणे ओलीचे. गच्चीची गळती, संडासाच्या फुटलेल्या पाइपाची झिरप, भिंतीवरची काळी बुरशी. अशा खोलीत दमेकरी माणसाचा दमा हटत नाही, लहान मुलांची छाती वारंवार भरते, सर्दी महिनोन्‌महिने राहते. खोलीत ऊन आणि वारा नसेल तर क्षयरोगाचे जंतू हवेत जास्त वेळ तरंगत राहतात आणि एका रुग्णाकडून घरातल्या इतरांना लागण होण्याची शक्यता वाढते. आपण गोळी बदलून पाहतो, डॉक्टर बदलून पाहतो, भिंत मात्र तीच राहते.

पाडायची की दुरुस्त करायची

सगळ्या जुन्या इमारती पाडाव्यात असे आम्ही म्हणत नाही. सगळ्या नव्या इमारती मजबूत असतात असेही नाही. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली आणि 16 जण मेले. तेव्हा त्या इमारतीला पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. वयापेक्षा तपासणी महत्त्वाची.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम 265-अ नुसार 30 वर्षे झालेल्या इमारतीची महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. कलम 264 नुसार धोकादायक इमारत रिकामी करण्याची, दुरुस्तीची किंवा पाडण्याची नोटीस आयुक्त देऊ शकतात. तपासणीनंतर इमारतीला चारपैकी एक वर्ग मिळतो. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-2 अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2 ब म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटीस आली की पहिला प्रश्न हाच: आमची इमारत कोणत्या वर्गात आहे, आणि तसे लिहिलेला अहवाल कुठे आहे? अहवालाची प्रत मागा. कुणी दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. प्रत हाती आली की विहारात बसून शिकलेल्या पोराकडून सगळ्यांसमोर मराठीत समजावून घ्या.

हे अशासाठी की दोन उलट्या गोष्टी आपल्याकडे सर्रास घडतात. दुरुस्तीने वाचणारी इमारत मुद्दाम सडू दिली जाते. गळती काढायची नाही, टाकी साफ करायची नाही, पाइप बदलायचा नाही, आणि पाच-दहा वर्षांनी म्हणायचे की आता पाडण्याशिवाय इलाज नाही. दुसरीकडे खरोखर धोकादायक झालेल्या इमारतीत लोक जीव मुठीत धरून राहतात. ती माणसे अडाणी नसतात. खोली सोडली की हक्क गेला, ही त्यांची भीती असते, आणि ती अनुभवातून आलेली असते.

या भीतीवर उपदेशाचा उपयोग नाही, कागदाचा आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनसी खिमजी प्रकरणात सांगितले आहे की केवळ इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा जमिनीशीही जोडलेला असतो. म्हणून खोली सोडण्याआधी प्रत्येक बिऱ्हाडाचे मोजमाप, राहणाऱ्यांची यादी, भाडेपावत्या, वीजबिल आणि खोलीचे फोटो एकत्र करा, आणि यादीवर महापालिकेचा शिक्का घ्या. नव्या घराच्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव असू द्या. नोकरीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. तिथे भाडेकरूचा कायदा लागू पडत नाही. पण 25 वर्षे सेवा झालेल्या सफाई कामगारांना मालकी हक्काचे घर देण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे. क्वार्टर पाडायला निघालेल्या अधिकाऱ्याला या योजनेत आमचे नाव कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे. ज्यांनी आयुष्यभर शहराची घाण काढली, त्यांना निवृत्तीनंतर पडक्या छताखाली ठेवणे हे शहराला शोभत नाही.

कागद पक्का झाला की मात्र सी-1 इमारतीत एक रात्रही काढू नये. खोली परत मागता येते. लेकरू परत मागता येत नाही.

धूळ कुणाच्या छातीत जाते

इमारत पाडली जाते तेव्हा दोन दिवस सगळी आळी पांढरी होते. लोक तोंडाला पदर लावतात आणि विसरून जातात. या धुळीत विटा, वाळू आणि काँक्रीट यांतली बारीक सिलिका असते. ती डोळ्यांना दिसत नाही इतकी सूक्ष्म असते आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. वर्षानुवर्षे अशी धूळ गिळणाऱ्या मजुराला सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही, आणि ज्याला तो झाला त्याला क्षयरोग होण्याचा धोकाही वाढतो. जुन्या छपरावरचे सिमेंटचे पत्रे बरेचदा ॲस्बेस्टॉसचे असतात. जागतिक आरोग्य संघटना सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला कर्करोगकारक मानते. पत्रा जागेवर अखंड असतो तोवर धोका कमी असतो, फोडला, कापला की त्याचे तंतू हवेत उडतात. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारा नियम 2016 मध्ये आला, त्याआधीच्या रंगाची खात्री कुणी द्यावी? दारा-खिडक्यांच्या रंगाचे पोपडे लहान मुले तोंडात घालतात, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक असते.

मग करायचे काय? तोडकाम ओले करून करायचे, म्हणजे सतत पाणी मारत. भोवती उंच पत्रे आणि हिरवी जाळी लावायची. मलबा वरून फेकायचा नाही, झाकलेल्या गाडीतून न्यायचा. सिमेंटचा पत्रा ओला करून अख्खा उतरवायचा. बांधकाम आणि तोडकामाच्या कचऱ्यासाठी 2016 पासून केंद्र सरकारचे स्वतंत्र नियम आहेत. मलबा नाल्यात, मोकळ्या जागेत किंवा वस्तीच्या कडेला टाकता येत नाही. आपल्याकडे तो नेमका वस्तीच्या कडेलाच येऊन पडतो. मग त्यात पाणी साचते आणि पाठोपाठ डेंग्यूचे डास येतात. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येते आणि ते नळाला रोज येत नाही, तर भिंतीवर मारायला कुठून आणायचे, असे ठेकेदार म्हणेल. त्याला टँकर आणायला सांगा. ज्याला जमिनीचा मोबदला मिळणार आहे, त्याला टँकरचा खर्च जड नाही.

शेजारच्या घरांनी त्या दिवसांत पिण्याचे पाणी झाकून ठेवावे, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, दमेकरी, गरोदर बाई आणि तान्हे बाळ यांना शक्य असेल तर नातेवाइकांकडे पाठवावे. रुमाल किंवा दुपट्टा बारीक धूळ अडवत नाही. त्यासाठी एन-95 मास्क लागतो.

मजुरीवर जाणाऱ्या भावाबहिणींना वेगळे सांगतो. हेल्मेट, बूट, मास्क आणि उंचीवर दोर देणे हे मालकाचे काम आहे, उपकार नव्हे. कायद्याने तोडकामालाही बांधकामच मानले आहे. वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. नोंदणी असेल तर अपघातानंतर घरच्यांच्या हाती काही लागते. नसेल तर ठेकेदार "हा माणूस आमचा नव्हताच" म्हणायला मोकळा असतो. आणि जी भिंत आधीच झुकलेली आहे, तिच्याखाली दुरुस्तीला घालणाऱ्या मालकाला नाही म्हणायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. पाचशे-सातशे रुपयांच्या रोजासाठी हा सौदा परवडत नाही.

मधला काळ

जुने घर गेले आणि नवे आले नाही, या मधल्या काळाला कागदावर "संक्रमण" म्हणतात. लोक तो टिनाच्या शेडमध्ये किंवा शहराच्या टोकाला भाड्याने काढतात. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. 2024 च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्हा प्रशासनाला कलम 144 लावावे लागले होते. अशा उन्हात टिनाखाली म्हातारी माणसे कशी जगायची? म्हणून स्थलांतर मार्च ते जून या महिन्यांत करू नये आणि तात्पुरत्या घराच्या छताला उष्णता अडवणारे अस्तर हवे, ही मागणी लेखी द्या.

आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले की वेदनांचा झटका येतो. टिनाचे शेड आणि लांबचा नळ ही त्याच्यासाठी थेट इर्विनची वाट आहे. क्षयरोगाचे औषध सुरू असलेल्या माणसाचे घर बदलले की औषध तुटते, आणि अर्धवट औषधाने जंतू निबर होतात. निक्षयची नोंद देशभर चालते, फक्त नवीन पत्ता जवळच्या सरकारी दवाखान्यात कळवावा लागतो. पोषणासाठी महिन्याला मिळणारे 1000 रुपयेही चालू राहतात. सिकलसेलचे कार्ड, क्षयरोगाची नोंद, बाळाचे लसीकरण कार्ड आणि गरोदर बाईची फाइल एका पिशवीत बांधून ती पिशवी सगळ्यात शेवटी गाडीत ठेवा आणि सगळ्यात आधी उतरवा. नव्या जागेच्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात भेटा.

नवे घर, पण कसे?

आता सर्वांत महत्त्वाचे. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला आणि दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. कोंदट घरे पाडून हवेशीर घरे बांधायची, हा त्यामागचा हेतू. त्या ट्रस्टने जितक्या लोकांना उठवले, तितक्यांना घरे काही दिली नाहीत. त्याच ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब 1930 च्या दशकापर्यंत राहिले. एका खोलीत पुस्तके आणि दुसऱ्या खोलीत संसार असे ते घर होते. गरिबांच्या घराचा प्रश्न आणि रोगाचा प्रश्न हे सव्वाशे वर्षांपासून एकाच दोरीने बांधलेले आहेत.

पाडून नवे बांधले की तो प्रश्न सुटतोच असे नाही. मुंबईत मानखुर्द-गोवंडीकडे झोपडपट्टीवासीयांसाठी लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती उभ्या राहिल्या. पक्क्या, मजल्यांच्या, नळ-संडास असलेल्या. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी तिथे पाहणी केली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये पुढे आले. इमारती इतक्या जवळजवळ की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, आणि तिथे क्षयरोगाचे प्रमाण जास्त. जवळच्याच पीएमजी कॉलनीत इमारतींमध्ये जागा सुटलेली, तिथे प्रमाण कमी. झोपडी गेली, पक्के घर आले, आणि खोकला वाढला.

बीडीडी चाळींचे रहिवासी 160 चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-चार पिढ्या राहिले. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती रहिवाशांनी वर्षानुवर्षे संघटित राहून मिळवली आहे. आपल्या शहरांतही उद्या बहुमजली इमारती येतील. तेव्हा उंचीबरोबर येणारे प्रश्नही मोजले पाहिजेत. लिफ्ट बंद पडली तर गुडघे गेलेली आजी खाली कशी येईल? पंपाचे वीजबिल कोण भरेल? आग लागली तर बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत का? लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर या 24 मजली इमारतीचे नूतनीकरण झाले, बाहेरून चकचकीत आवरण चढवले गेले. 14 जून 2017 च्या रात्री त्याच आवरणावरून आग वर चढली आणि 72 माणसे गेली. धोक्याचा इशारा तिथल्या रहिवाशांनी आधीच दिला होता. गरिबांच्या इमारतीतल्या माणसांचे ऐकायचे नसते, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

म्हणून नकाशावर सही करण्याआधी तीन गोष्टी टेपने मोजा. पहिली, खिडकी. आपल्यासारख्या कोरड्या उष्ण भागात खोलीच्या जमिनीच्या किमान एक-दशांश इतके खिडकीचे मोकळे क्षेत्र असावे, असे राष्ट्रीय इमारत संहितेत धरले आहे. खोली 100 चौरस फुटांची असेल तर खिडकी 10 चौरस फुटांची. दुसरी, दोन इमारतींमधले अंतर, म्हणजे तळमजल्यावर ऊन येते की नाही. तिसरी, स्वयंपाकघर आणि संडास यांना बाहेरच्या हवेकडे उघडणारी खिडकी आहे का. हाच हिशोब बैठ्या घरालाही लागू आहे. रमाई घरकुल योजनेत शहरी भागात अडीच लाख रुपये मिळतात. त्यात घर बांधताना आपण खोली वाढवायच्या नादात शेजारच्या भिंतीला भिंत लावतो आणि खिडकीची जागा गिळतो. समोरासमोर दोन खिडक्या ठेवा. त्याला वेगळे पैसे लागत नाहीत.

कुणी म्हणेल, फुकट घर मिळते आहे आणि तुम्ही खिडकीचे काय घेऊन बसलात! आमचे उत्तर असे की ते फुकट नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी मिलमध्ये, नगरपालिकेत, रस्त्यावर घाम गाळून या शहरात जागा धरली, त्या जागेच्या बदल्यात ते मिळते आहे. ज्याने किंमत मोजली, त्याला माल तपासून घेण्याचा हक्क आहे.

येत्या रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास जास्त बसा. वस्तीत आणि वस्तीच्या आजूबाजूला 30 वर्षांहून जुन्या इमारती किती, त्यांत राहते कोण, तपासणी झाली का, सिकलसेलचे आणि क्षयरोगाचे रुग्ण कोणत्या घरात आहेत, याची एक वही करा. वही लिहायचे काम महिला मंडळाकडे द्या, कारण कोणत्या भिंतीला ओल आहे आणि कोणते लेकरू रात्री खोकते हे त्यांनाच ठाऊक असते. पावसाळ्याआधी त्या वहीची प्रत महापालिकेच्या बांधकाम विभागाला आणि आरोग्य विभागाला, दोघांनाही द्या आणि पोच घ्या. नोटीस त्यांनी आपल्या दारावर चिकटवण्याआधी आपला अर्ज त्यांच्या टेबलावर असला पाहिजे.